पाळत सांध्यावर हवी, सांधणाऱ्यावर नको

नवे यंत्र आले की आपल्या कामगार चळवळीत दोन सूर हमखास निघतात. एक म्हणतो, यंत्र आले, आता नोकऱ्या गेल्या. दुसरा म्हणतो, यंत्र आले, आता चूक होणेच नाही. आमच्या मते हे दोन्ही सूर अपुरे आहेत. यंत्राबरोबर एक तिसरी गोष्ट शेडमध्ये शिरते आणि तिच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. ती म्हणजे यंत्राने ठेवलेली नोंद.

आजचा विषय आहे फ्रिक्शन स्टर वेल्डिंग आणि त्या वेल्डिंगच्या दर्जावर ठेवली जाणारी देखरेख. पोस्टातील वाचक विचारतील, आमचा आणि वेल्डिंगचा काय संबंध? त्यांना विनंती की लेख शेवटपर्यंत वाचावा. प्रश्न धातूचा कमी आणि नोंदीचा जास्त आहे. नोंद कोण ठेवतो, ती कोण वाचतो, आणि नोंद वाईट निघाली तर काम थांबवण्याचा अधिकार कोणाला असतो, हा प्रश्न वर्कशॉपच्या शेडला जितका लागू आहे तितकाच सॉर्टिंगच्या टेबलालाही.

आधी पद्धत समजून घेऊ. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ ‘द वेल्डिंग इन्स्टिट्यूट’ ही संस्था आहे. तेथे १९९१ साली वेन थॉमस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत शोधली. दोन प्लेटा कडेला कड भिडवून, खाली भक्कम आधार देऊन घट्ट आवळतात. वरून एक फिरते हत्यार उतरते. त्याच्या टोकाला आखूड पिन असते आणि पिनेच्या वर रुंद खांदा. पिन सांध्यात घुसते, खांदा वरून दाबून घासत राहतो. घर्षणाच्या उष्णतेने धातू मऊ पडतो, पण वितळत नाही. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते. येथे तापमान साधारणपणे ४०० ते ५०० अंशांच्या आसपास राहते. मऊ झालेला धातू पिनेभोवती ढवळला जातो आणि हत्यार पुढे सरकले की मागे दाबाखाली एकजीव होतो. कणकेचे दोन गोळे एकत्र तिंबले की मधली रेघ उरत नाही, तसाच हा प्रकार.

या पद्धतीला आमचा विरोध नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट केले पाहिजे. तिच्यात आर्क नाही, रॉड नाही, ॲल्युमिनियमसाठी गॅसचे आच्छादनही लागत नाही. धूर जवळजवळ नाहीच. डोळ्यांना वेल्डिंग लागून ज्यांनी रात्री जागून काढल्या आहेत त्यांना याचे मोल सांगायला नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर आणि वेल्डिंगमधील अतिनील किरण हे दोन्ही, माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या घटकांच्या गटात घातले. कामगाराच्या फुप्फुसाला आणि डोळ्याला कमी त्रास देणारी पद्धत येत असेल तर तिचे स्वागतच केले पाहिजे.

रेल्वेशी हिचा संबंध जवळचा आहे. ॲल्युमिनियम हलके असते, म्हणून डबा हलका होतो आणि वीज वाचते. पण हा धातू वितळवून जोडणे नेहमीच कटकटीचे ठरले आहे. त्यात वायूचे बुडबुडे अडकतात, चिरा पडतात, लांब पत्रा वाकडा होतो. जपानमधील हिताची कंपनीने म्हणूनच १९९० च्या दशकात डब्याच्या लांब शिवणींसाठी फ्रिक्शन स्टर वेल्डिंग वापरण्यास सुरुवात केली. आपल्याकडेही ॲल्युमिनियम रुळावर आले आहे. पुणे मेट्रोचे डबे ॲल्युमिनियमचे आहेत. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भुवनेश्वरहून ॲल्युमिनियमच्या मालवाहू वाघिणींची रेक रवाना झाली. त्या वाघिणींचा वरचा सांगाडा वेल्डिंग न करता लॉकबोल्टने जोडलेला होता. जोडण्याची रीत कोणतीही असो, हलक्या धातूच्या डब्यांचे काम आज ना उद्या आपल्या वर्कशॉपांच्या आणि डेपोंच्या दारात येणार, हे उघड आहे.

शिवण नीट नसेल तर काय होते? लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकाजवळ लॅडब्रोक ग्रोव्ह येथे ५ ऑक्टोबर १९९९ रोजी दोन गाड्या समोरासमोर धडकल्या आणि ३१ माणसे दगावली. अपघाताचे कारण लाल सिग्नल ओलांडला जाणे हे होते, वेल्डिंग नव्हे. परंतु लॉर्ड कलन यांच्या चौकशीत असेही पुढे आले की, ॲल्युमिनियमच्या डब्याच्या लांब वेल्ड शिवणी चेन उघडावी तशा उसवत गेल्या. ते वेल्डिंग धातू वितळवून करण्याच्या जुन्या पद्धतीचे होते. वेल्डची खरी परीक्षा रोजच्या प्रवासात होत नाही, ती अपघाताच्या क्षणी होते. आणि त्या क्षणी डब्यात प्रवासी असतात, आपले गार्ड आणि ड्रायव्हर असतात, आरएमएसचे बांधव असतात.

नवी पद्धत या दोषांपासून बरीच मुक्त आहे, पण तिचे स्वतःचे दोष आहेत. हत्यार फार वेगाने पुढे ढकलले किंवा उष्णता कमी पडली तर सांध्याच्या पोटात बारीक बोगदा राहतो. पिन आखूड पडली तर जोड तळापर्यंत पोचत नाही. सर्वांत फसवा दोष असा की दोन कडा एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात, पण मधल्या ऑक्साइडच्या पापुद्र्यामुळे धातू धातूला खऱ्या अर्थाने मिळालेला नसतो. वरून पाहिले तर शिवण गुळगुळीत, चकचकीत.

पोस्टातील बांधवांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही. सील लाखेचे असो की प्लॅस्टिकचे, ते शाबूत असते. लेबल बरोबर असते. आणि बॅग उघडल्यावर यादी व आतल्या वस्तू यांचा मेळ बसत नाही. फरक एवढाच की बॅग उघडून पाहता येते. तयार डब्याची शिवण कापून पाहता येत नाही; कापली की डबाच वाया गेला.

म्हणून वेल्डिंग चालू असतानाच देखरेख ठेवावी लागते. हत्यार किती जोराने खाली दाबते, पुढे सरकताना त्याला किती विरोध होतो, फिरवणाऱ्या मोटरवर किती भार येतो, हे मोजले जाते. तापमान मोजतात, कंप आणि आवाज टिपतात, कॅमेऱ्याने शिवणीचा पृष्ठभाग पाहतात. यामागचे तत्त्व सोपे आहे. काम नीट चालले असेल तर हे आकडे एका लयीत वरखाली होतात. प्लेटांत फट पडली, पकड ढिली झाली, पिन झिजली, पोटात पोकळी राहू लागली की लय बिघडते. खराद्यावर वर्षानुवर्षे उभा राहिलेला टर्नर आवाज बदलला की मान वर करतो. हेच काम येथे सेन्सर करतो आणि त्याची नोंदही ठेवतो. हल्ली हजारो वेल्डच्या नोंदी संगणकाला शिकवून, दोष कोठे असेल याचा अंदाज त्याच्याकडून काढून घेण्याचे प्रयोगही चालू आहेत.

हे सर्व उपयोगी आहे. पण पुरेसे नाही. सेन्सर सांध्याच्या आत पाहत नाही. तो बाहेरच्या जोरावरून आतल्या स्थितीचा तर्क करतो. मागाहून ध्वनिलहरींची तपासणी होते, एक्स-रे होतो, रंगद्रव्य शिंपडून चिरा शोधतात. तरी वर सांगितलेला चिकटल्यासारखा जोड यांपैकी अनेक तपासण्यांतून निसटू शकतो. त्यामुळे नमुन्याचे तुकडे कापून, वाकवून, ओढून तोडून पाहण्याला पर्याय उरत नाही. ॲल्युमिनियमच्या या वेल्डिंगसाठी आयएसओ २५२३९ हे आंतरराष्ट्रीय मानक २०११ साली आले आणि २०२० साली सुधारले गेले. त्याच्या पाच भागांपैकी एक संपूर्ण भाग यंत्र चालवणाऱ्याच्या पात्रतेविषयी आहे, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. ‘बटण दाबले की झाले, त्याला कुशल कामगार कशाला’ असे कोणी सांगू लागला तर त्याच्यासमोर हे मानक ठेवावे.

अमेरिकेच्या नासाचे उदाहरण पाहा. तेथे मोठ्या रॉकेटच्या इंधनटाक्या न्यू ऑर्लिन्स येथील कारखान्यात याच पद्धतीने जोडल्या जातात. पैशाची कमी नाही, यंत्रे जगातील उत्तमांत मोडणारी. तरी सुमारे २०१६-१७ मध्ये काही टाक्यांच्या वेल्डची ताकद अपेक्षेपेक्षा कमी भरली. कारण शोधता असे निघाले की कामाच्या मध्येच वेल्डिंगची पिन बदलण्यात आली होती. हत्यारातला एक बदल, आणि एवढा मोठा सांधा कच्चा. हा कच्चेपणा उघडकीस आला तो ताकदीच्या चाचणीमुळे आणि ती चाचणी गांभीर्याने घेणाऱ्या माणसांमुळे. अवघड वेळापत्रक असतानाही काम थांबवले गेले. आमच्या दृष्टीने यातला महत्त्वाचा शब्द ‘थांबवले’ हा आहे.

आता याच्या उलटे उदाहरण. सापा प्रोफाइल्स ही अमेरिकेतील ॲल्युमिनियमचे भाग बनवणारी कंपनी. माल ओढून किती ताण सहन करतो याची चाचणी घेऊन ग्राहकाला दाखला द्यायचा, अशी रीत होती. सुमारे १९ वर्षे या दाखल्यांतील आकडे बदलले जात होते. नापास माल कागदावर पास होत होता. नासाचा एक उपग्रह २००९ साली आणि दुसरा २०११ साली कक्षेत पोचण्याआधीच नष्ट झाला. दोन्ही वेळी रॉकेटचे टोकावरचे आवरण वेगळे झाले नाही. नासाच्या तपासाचा निष्कर्ष असा की, आवरणाच्या जोडात वापरलेले ॲल्युमिनियम दाखल्याप्रमाणे नव्हते. नुकसान ७० कोटी डॉलरहून अधिक. २०१९ साली कंपनीने ४ कोटी ६० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. अमेरिकेच्या न्याय खात्याने या फसवणुकीमागचा हेतूही सांगितला: मालाचा कमीजास्त दर्जा लपवणे, नफा वाढवणे आणि उत्पादनावर मिळणारा बोनस पदरात पाडून घेणे. चाचणी विभागाच्या पर्यवेक्षकाला तुरुंगवास झाला.

या प्रकरणात मोजमापाचे यंत्र खोटे बोलले नव्हते. त्याने दाखवलेला आकडा माणसाने बदलला; कारण खरा आकडा लिहिला तर बोनस जाणार होता आणि माल अडणार होता. देखरेखीचे यंत्र कितीही चांगले आणा; त्याचा आकडा ज्याच्या हाताखालून जातो त्याच्या पोटावर तुम्ही पाय ठेवला असेल, तर त्या आकड्याला काडीची किंमत राहत नाही.

आपल्या रुळांकडे वळू. रुळाचे वेल्डिंग हे फ्रिक्शन स्टर नव्हे. तेथे थर्मिट किंवा फ्लॅश बट असते. परंतु देखरेखीचा प्रश्न तोच आहे. थर्मिट वेल्डवर महिना, वर्ष, वेल्डचा क्रमांक आणि वेल्डरची खूण टाकतात. चांगली पद्धत आहे, जबाबदारी कळते. पण त्या खुणेत एक गोष्ट लिहिलेली नसते: त्या वेल्डरला ब्लॉक किती मिनिटांचा मिळाला? गाडी उशिरा धावते म्हणून ब्लॉक कापला, साचा घाईने काढला, धातू पुरता थंड होण्याआधी घासणी केली, आणि चार वर्षांनी रूळ तुटला, तर खूण वेल्डरची सापडते. ब्लॉक कापणाऱ्याची खूण रुळावर नसते.

रुळांची ध्वनिलहरींनी तपासणी होते. दोष गंभीर निघाला तर वेग कमी करावा लागतो, जोड जॉगल्ड फिशप्लेटने बांधावा लागतो. येथेही यंत्राची नजर सगळीकडे पोचत नाही. रुळाच्या पायाच्या कडेला असलेली भेग शोधायला वेगळी, खास तपासणी करावी लागते. म्हणून तर थंडीच्या रात्री गस्त घालणारा, ज्याला आता कागदोपत्री ट्रॅक मेंटेनर म्हणतात तो गँगमन, आणि रोज सकाळी हातोडा खांद्यावर टाकून निघणारा चावीवाला यांना अजून पर्याय निघालेला नाही. तुटलेला रूळ पाहून लाल झेंडी दाखवण्यासाठी त्याला कोणाची परवानगी मागावी लागत नाही. तो नियमच आहे. गाडी थांबवल्याबद्दल त्याला शिक्षा होत नाही, उलट शाबासकी मिळते. रेल्वेने शतकाहून अधिक काळ जपलेले हे शहाणपण आहे. आमचा प्रश्न एवढाच की, हेच शहाणपण शेडच्या आत यंत्रावर उभ्या असलेल्या कामगाराला का लागू होऊ नये?

ब्रिटनमधला २०२१ सालचा प्रकारही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. हिताचीच्या ॲल्युमिनियम डब्यांना नियमित तपासणीत चिरा दिसल्या आणि त्या वर्षी मे महिन्यात अनेक गाड्या तातडीने सेवेतून काढाव्या लागल्या. तेथील रेल्वे नियामकाने नंतर सांगितलेली कारणे दोन: डब्याच्या आराखड्यात धरल्यापेक्षा जास्त भार आल्याने पडलेल्या चिरा, आणि त्या विशिष्ट मिश्रधातूवर दमट व खाऱ्या हवेचा झालेला परिणाम. म्हणजे कारखान्यातील नोंदी चोख असल्या तरी विषय तेथे संपत नाही. डबा वर्षानुवर्षे धावतो, हवा खातो, खड्डे खातो. मुंबईची आणि कोकण किनाऱ्याची हवा ज्यांनी अनुभवली आहे त्यांना खाऱ्या वाऱ्याचा अर्थ ठाऊक आहे. चिरा अखेर डेपोच्या तपासणीत सापडतात. ‘यंत्राने सर्व तपासले आहे, आता डेपोत एवढी माणसे कशाला’ असा हिशेब जो मांडतो, तो प्रवाशांच्या जिवाशी खेळतो असे आमचे स्पष्ट मत आहे.

येथे पाळतीचा मुद्दा येतो. हत्यारावरील दाब मोजणारे यंत्र, कामगार किती वाजता जागेवरून उठला हेही टिपू शकते. एका शिवणीला किती सेकंद लागले, मध्ये किती वेळा थांबला, कोणाच्या पाळीत लाल दिवा जास्त वेळा लागला, हे सर्व त्याच नोंदीत असते. पोस्टमनच्या हातात मोबाइल यंत्र आल्यावर हा अनुभव आपल्या बांधवांना आलेला आहे. वाटप किती वाजता झाले ते यंत्र सांगते. लिफ्ट बंद होती, पाऊस होता, दोन बीट एकाच्या गळ्यात होते, हे सांगत नाही. कामाची नोंद गुपचूप कामगाराची नोंद बनते आणि मग कामगार लाल दिवा लागू नये असे पाहतो. वेल्ड चांगला व्हावा म्हणून लाल दिवा न लागणे वेगळे आणि मेमो मिळू नये म्हणून न लागणे वेगळे. दोन्हींचा कागदावरचा आकडा मात्र सारखाच दिसतो.

यावर व्यवस्थापन म्हणेल, निष्काळजी कामगाराला पकडायचे नाही काय? निष्काळजीपणाला आम्ही पाठीशी घालत नाही. ज्या डब्यात आपली मुलेबाळे बसतात त्याचा सांधा कच्चा ठेवणारा आमचा कोणी लागत नाही. परंतु दोष शोधण्याची नोंद आणि शिक्षा देण्याची नोंद एकच केली, तर दोष लपतात आणि शिक्षा चुकीच्या माणसाला होते. चौकशी करायची असेल तर रीतसर करा, कामगाराला बाजू मांडू द्या. आलेखाचा कागद हेच आरोपपत्र आणि हाच निकाल, असे चालणार नाही.

म्हणून अशी यंत्रे जेथे येतील तेथे युनियनच्या शाखांनी आधीच काही गोष्टी लेखी मान्य करून घ्याव्यात, असे आम्हाला वाटते. पहिली, यंत्राचा आलेख कामगाराला त्याच्या जागेवर, त्याच्या भाषेत दिसला पाहिजे. फक्त वरच्या केबिनमध्ये नव्हे. दुसरी, लय बिघडल्यास काम थांबवण्याचा अधिकार यंत्र चालवणाऱ्याला हवा, आणि थांबलेल्या वेळेचा प्रोत्साहन भत्ता कापला जाऊ नये. तिसरी, तपासणी विभाग उत्पादनाच्या साहेबाच्या हाताखाली नसावा. चौथी, नमुने तोडून पाहण्याची चाचणी ‘वेळ नाही’ म्हणून कधीही गाळू नये. पाचवी, पिन, वेग किंवा पकड यांत कोणताही बदल झाला तर त्याची तारीख व आदेश देणाऱ्याचे नाव नोंदले जावे. वेल्डरची खूण असते तशी साहेबाचीही असावी. सहावी, प्रशिक्षण कामाच्या वेळेत व पगारी असावे, आणि कंत्राटी कामगारालाही तेच मिळावे. कंत्राटदाराचा माणूस उद्या नोकरी जाईल या भीतीने लाल दिव्याकडे डोळेझाक करील, तर त्याचा दोष त्याच्यावर ढकलून कोणालाही मोकळे होता येणार नाही.

या मागण्यांत पगारवाढ नाही, बढती नाही. कोणी म्हणेल, मग युनियनने यासाठी वेळ का घालवावा? कारण या मागण्या मान्य झाल्या तर प्रवाशाचा जीव वाचतो आणि नाही झाल्या तर अपघातानंतरच्या चौकशीत पहिले नाव खालच्या कामगाराचे येते. पुढच्या शाखा सभेत हा विषय पत्रिकेवर घ्यावा. वर्कशॉपमधील, डेपोतील, रुळावरील आणि आरएमएसमधील आपापल्या भागात यंत्र आज काय काय नोंदवते, ती नोंद कोणाला दिसते आणि तिच्या आधारे आजवर किती मेमो निघाले व किती वेळा काम थांबवले गेले, याची माहिती जमवावी. मेमो पुष्कळ आणि थांबलेले काम शून्य असे निघाले, तर ते यंत्र कशावर पाळत ठेवते आहे ते आपोआप कळेल.